सात नंबरचं तेल

दगडूभाऊ, तुम्हाला जाऊन आज पाच दिवस झाले. परवा नवलाख उंबऱ्याला तुमच्या घरी आले होते. तुमच्या मंडळींजवळ, मावशींजवळ बसले, चहा घेतला, आणि जे सांगायला म्हणून लोणावळ्याहून एवढी आले ते न सांगताच परत फिरले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वर्कशॉपमध्ये टेबलाशी बसते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते. हे लिहायला आज तिसऱ्यांदा घेतलंय. आधीचे दोन कागद फाडले, कारण दोन्हींत मी तुमची स्तुती करत सुटले होते. स्तुती करायला काय जातं? गेलेल्या माणसाची तर कुणीही करतो.

तुमचा अशोक अंगणात पाहुण्यांशी बोलत होता. मी दाराच्या आत, त्याला पाठमोरी. कुणीतरी विचारलं, "हेडमिस्त्री व्हते न्हवं तुझे वडील?" तर तो म्हणाला, "व्हते की. पर मागं घाटात एक इंजान गेलं. आबा तेल बदलायचं इसरले व्हते. मग टायर बदलायच्या कामावर टाकलं त्यास्नी. वय झालं व्हतं." रागानं नाही म्हणाला. आपल्या माणसाची चूक आपण पदरात घेतो, तसं म्हणाला. माझ्या हातात कपबशी होती. मी ती खाली ठेवून उठायला हवं होतं. मी उरलेला चहा संपवला.

तुम्ही विसरला नव्हता. मी बदलू दिलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, आणि ते तीन वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही मला ट्रान्सपोर्ट ऑफिसचा रस्ता सांगत होता? पातळ नेसलेली, बी.एस्सी. झालेली मुलगी ट्रक दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला आलीय हे तुम्हाला पटतच नव्हतं. मी आले होते स्टोअरची कारकून म्हणून. पण मॅनेजरसाहेबांना माझा केमिस्ट्री विषय कळला, आणि त्यांनी तेल कंपनीचं एक पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. इंजिनाच्या तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकायचा, कागद आडवा ठेवून वाळवायचा, आणि डाग बघून ठरवायचं, तेल अजून चालेल की बदलायचं. मी ते पुस्तक दोन दिवसांत पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला शिकवायला आले. तुम्ही तेव्हा वीस वर्षं इंजिनं उघडत होता.

तुम्ही इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढलीत, तेल अंगठ्यात आणि बोटात चोळलंत, हुंगलंत आणि म्हणालात, "ह्ये झालं. आता तुमचा कागद काय म्हनतो बगा." माझ्या कागदानं तेच सांगितलं, फक्त दुसऱ्या दिवशी. तुम्ही हसून म्हणालात, "हातच्या काकनाला आरसा कशापायी, ताई?" शेडमधली सगळी हसली. मी लालबुंद झाले होते. मग तेलात पाणी शिरलंय का ते तापल्या पत्र्यावर थेंब टाकून बघायची रीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितली, तर तुम्ही मला हाताला धरून समोरच्या चहावाल्याकडे नेलंत आणि त्याच्या तव्याच्या कडेला थेंब टाकलात. तडतड झाली. चहावाला ओरडला, "मिस्त्री, रोजचंच झालं तुमचं!" म्हणजे हेही तुम्हाला ठाऊक होतं. पुस्तकातली निम्मी पानं तुमच्या बोटांत होती, आणि मला त्याचा राग यायचा. खरंच यायचा, भाऊ. आता लाज वाटते, पण तेव्हा राग यायचा.

तुमचंही एक खूळ होतंच. चार हजार किलोमीटर झाले की तेल खाली. मग ते तेल कसंही असो. "इचार कशाला करायचा? देवाला निवद आन् इंजानाला तेल, येळच्या येळंला," असं म्हणायचा, आणि लगेच सावरून घ्यायचा, "देवाचं आपलं बोलायचं म्हनून." मी म्हणायची, चांगलं तेल गटारात ओतताय तुम्ही. तुम्ही म्हणायचा, गटारात न्हाई, भिंतीच्या लाकडांना लावतो. यावर आपण आठ-आठ दिवस भांडलोय. मग तेलाची टंचाई आली. डबे मिळेनात, मिळाले तर वेळेवर मिळेनात, आणि साहेबांनी ठरवलं की किलोमीटरवर नाही, कागदावर चालायचं. माझा विजय झाला. तुम्ही महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोललात.

पण तो दिवस मी विसरणार नाही. दोन गाड्या, सारखेच किलोमीटर. एक तळेगाव-पुणे सपाटीवर धावणारी, दुसरी खोपोलीहून रोज माल घेऊन घाट चढणारी. दोन्हींचे कागद मी टेबलावर शेजारी ठेवले. सपाटीवालीचा डाग कडेपर्यंत सारखा पसरलेला, करडा. घाटवालीचा मधे काळा गोळा, कडा तोडल्यासारखी. तुम्ही फडक्यानं हात पुसत आलात, वाकलात, आणि किती तरी वेळ वाकूनच राहिलात. मग म्हणालात, "मंजी घाटाच्या गाडीचं तेल आदी मरतं. ह्ये मी किती वर्सं बोंबलतोय. माझं कुनी आयकलं न्हाई. कागदाचं आयकतील." त्या दिवसापासून कागद तुमचाही झाला. घाटाच्या गाड्या लवकर, सपाटीच्या उशिरा, हा हिशेब आपण दोघांनी बसवला. आणि मला तुम्ही एक गोष्ट शिकवलीत जी पुस्तकात होती, पण मला कळली नव्हती: काळं तेल म्हणजे वाईट तेल नव्हे. "काम केल्याला मानूस मळतोच. मळ अंगावर घिऊन बी जे पसरतं, त्ये तेल जित्तं. गोळा हून बसलं की मेलं."

इथवर लिहिलं आणि उठून दोन फेऱ्या मारून आले. आता पुढचं लिहायचं आहे.

फळा माझी कल्पना. स्टोअरच्या दाराबाहेर मी लाकडी फळा टांगला, त्यावर गाडीचे नंबर लिहिले आणि प्रत्येक नंबराखाली त्या गाडीचा टीपकागद टाचणीनं लावायला लागले. वर दोन रकाने केले, चांगले आणि बदला. मला वाटलं, ड्रायव्हर लोकांना गोडी लागेल, गाडी जपतील. गोडी लागली, पण कसली? आठवड्याभरात ते फळ्याला "रिझल्ट" म्हणायला लागले. "माझी पास!" "तुझी नापास, आता बस एक दिस लोनावळ्यात चिक्की खात!" नापास गाडी दिवसभर उभी राहायची आणि तिच्या ड्रायव्हरची येता-जाता टर उडायची. मला गंमत वाटायची. मी शाळेतल्या बाईंसारखी दारात उभी राहून बघायची.

तुम्ही दोन वेळा सांगितलंत. एकदा म्हणालात, "ताई, ती पाटी काडा. डायवर लोकास्नी शाळा दावली तुमी. आता त्ये शाळंत करत्यात तेच करतील." मी म्हणाले, चढाओढ असलेली बरी. दुसऱ्यांदा तुम्ही मुळावरच घाव घातलात. थेंब मी स्वतः काढत नव्हते. ड्रायव्हरच पट्टीवरचा थेंब कागदावर टाकून, नंबर घालून, माझ्या टेबलावर आणून द्यायचे. मी पातळ नेसून बंपरवर चढणार, बॉनेटमध्ये वाकणार, आणि शेडभर माणसं बघणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. तुम्ही म्हणालात, "उंटावरनं शेळ्या हाकायचं काम हाय ह्ये. थेंब सोता घ्या. न्हाईतर मी घितो." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुम्ही घेतलात तर सगळ्याच गाड्या नापास होतील, भाऊ. तुम्हाला माझा कागद खपत नाही." हे खोटं होतं. कागद तोवर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागला होता. मला ते दिसत होतं, म्हणूनच बोलले.

मग सात नंबर. बबन ड्रायव्हरची गाडी, घाटाची. तुम्ही सकाळी माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "साताला आज सोडू नगा. आवाज बरा न्हाई. तेल खाली करतो." मी फळ्याकडे बोट दाखवलं. साताचा कागद आदल्या दिवशीचा, स्वच्छ, करडा, कडेपर्यंत पसरलेला. मी म्हणाले, "कागद बघा. डबे मोजके आहेत, उगाच ओतायचे नाहीत." तुम्ही म्हणालात, "ह्यो कागद साताचा न्हाई." मी म्हणाले, "नंबर वाचता येतो ना तुम्हाला?"

भाऊ, हे मी तुम्हाला म्हणाले. तुम्हाला अक्षर उशिरा आलं, छप्पन सालानंतर, मोठेपणी, वस्तीवरच्या रात्रशाळेत, हे मला माहीत असताना म्हणाले. तुम्ही साताला सोडलंत.

दुपारी खंडाळ्याच्या वळणाआधी, भरल्या गाडीनिशी चढावर, साताचं इंजिन बसलं. बेरिंग गेली, रॉड चेंबर फोडून बाहेर आला. बबन बचावला, गाडी मागे सरकून दरडीला टेकली म्हणून. दरी दुसऱ्या बाजूला होती. गाडी ओढून आणली तेव्हा फुटक्या चेंबरमध्ये जे काही उरलं होतं ते डांबरासारखं होतं. तुम्ही त्यातला एक थेंब माझ्याच टीपकागदावर टाकलात, पत्र्यावर वाळवलात आणि संध्याकाळी मला दाखवलात. मधे काळा गोळा, बाजूला काही नाही. मग मला फळ्यावरचा साताचा कागद दाखवलात आणि शेजारचा अकराचा. ते जुळ्या भावंडांसारखे होते. अकराचं तेल चारच दिवसांपूर्वी बदललेलं होतं. बबननं अकराच्या पट्टीवरचा थेंब घेऊन साताचा नंबर घातला होता. नापास व्हायची लाज. शाळेतल्या पोरांसारखी कॉपी केली होती, आणि शाळा मी काढली होती.

मुंबईहून हेड ऑफिसचे साहेब आले. तुम्हाला, मला, मॅनेजरसाहेबांना उभं केलं. त्यांनी विचारलं, "गाडीचं तेल संपलेलं होतं. बदललं का नाही?" डांबराचा तो कागद तुमच्या खिशात होता. मला दिसत होता, शर्टाच्या वरच्या खिशात, घडी घातलेला. तुम्ही तो काढला असतात तर सगळं तिथंच उलगडलं असतं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हायलं साहेब. इसरलो." मी तुमच्या शेजारी हातभर अंतरावर उभी होते. माझ्या हातात पेन्सिल होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्यासारख्यावर ठपका किती चटकन बसतो, आणि माझ्यासारखीकडे कुणी बोट दाखवायच्या आधी किती विचार करतं, हे त्या क्षणी मला कळलं. कळूनही मी गप्प राहिले. माझ्या वडिलांची, आप्पांची, रेल्वेतली गार्डची नोकरी नुकती संपली होती, क्वार्टर सोडायचं होतं, माझी नोकरी कच्ची होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला टायरवर टाकलं. मी शेडमागे तुम्हाला गाठून ओरडलेच, "का केलंत असं? मी सांगितलं होतं का तुम्हाला?" तुम्ही टायरला पाना लावत होता. म्हणालात, "त्यो साहेब कागद बंद करून गेला असता. मंग परत किलोमीटर. तेल कुटं हाय? निम्म्या गाड्या हुब्या ऱ्हाल्या असत्या. कागद खरा हाय, ताई. मानसं खोटी." मी म्हणाले, "मी उद्या साहेबांना खरं सांगते." तुम्ही मान वरही केली नाहीत. "सांगा की. कवा सांगायचं त्ये तुमचं तुमी ठरवा."

मी ठरवलंच नाही. उद्याचा परवा झाला, परवाचे तीन महिने, माझी नोकरी पक्की झाली, आणि मग सांगायला तोंड कुठे राहिलं? फळा मात्र मी त्याच आठवड्यात उतरवला. थेंब स्वतः काढायला लागले. गाडी घाट चढून आली की इंजिन गरम असताना, तेल ढवळलेलं असताना, बंपरवर चढून, पदर खोचून. लोक बघायचे. बघू देत. तुम्ही टायरच्या शेडमधून हाक मारायचा, "पदर सांबाळा ताई, फॅनबेल्टमदी जाईल!" आणि सगळे हसायचे, आणि मीसुद्धा. तुम्ही एकदाही, भाऊ, एकदाही त्या गोष्टीचा उल्लेख केला नाहीत. मला तुमचा राग येतो त्याचा. तुम्ही मला बोलला असतात, शिव्या घातल्या असतात, तर मी कधीच मोकळी झाले असते. तुम्ही मला चांगुलपणात अडकवून ठेवलंत. हे लिहितेय, कारण तुमच्यावर राग धरायचा हक्क तुम्हीच मला दिला होता.

जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होता, बारा नंबरच्या गाडीचा आवाज आणि बाराचा कागद जुळत नाही. मी म्हणाले, जुळतो. काल पुन्हा थेंब घेतला. कडेला पिवळट वलय आलंय, तेलात डिझेल उतरतंय. तुम्हाला सांगायला टायरच्या शेडकडे निघाले आणि अर्ध्यात थांबले.

आता पुढचं रविवारी संध्याकाळी लिहितेय. वरचं सगळं लिहून झालं आणि मी आज पुन्हा नवलाख उंबऱ्याला गेले. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि मी अशोकला घरामागे बोलावलं. सगळं सांगितलं. फळा, पेन्सिल, अकराचा थेंब, "नंबर वाचता येतो ना" हेसुद्धा. वाटलं होतं, तो चिडेल. तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "ताई, गेल्या दिवाळीला माझं आन् आबांचं वाजलं. मला माझ्या कारखान्यातल्या कामाचं कायतरी सांगत व्हते. मी म्हनलं, तुमाला तेल बदलायचं ध्यान ऱ्हायलं न्हाई, मला कशाला शिकिवता." मग म्हणाला, "त्ये म्हनले, व्हय बाबा, इसरलो खरं."

मी त्याला खरं दिलं आणि त्याच्या छातीवर धोंडा ठेवला. तो म्हणाला, "आईला तुमीच सांगा. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

मी आत गेले. मावशी पांढऱ्या साडीत भिंतीशी बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सुरुवात केली, "मावशी, तेल बदलायला भाऊ विसरले नव्हते." त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ठाव हाय मला. त्या दिशीच सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनले, अशोकला सांगू नगं, पोरगं जाऊन भांडंल. पोरगी सोताच बोलंल एक दिस. लय दिस वाट बगितली. सांच्याला घरी आले की मी इचारायची, बोलली का? मंग एकदा म्हनले, आता इचारू नगंस. न्हाई बोलली तरी चालंल. थेंब सोता काडती आता."